‘गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

रविवारी सकाळी साडेसातला चिपळूणहून मावशीचा फोन आला. “अगं, माझी मराठी गेली.”

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकल्यावर मी अंथरुणात उठून बसले. मग कळलं, लॅपटॉपवरची मराठी गेली होती. महिला मंडळाचं इतिवृत्त ती वर्षानुवर्षं त्या २०१२ च्या लॅपटॉपवर टाइप करते. वार्षिक सभा तोंडावर आली म्हणून उघडायला गेली, तर काहीच नाही. “ते सुरेख होतं ना, ते दिसतच नाही. तू तिकडून पुन्हा टाकून दे बघू.”

कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं अशी घरात ज्याची ख्याती असते, त्याला असे फोन येतातच. आणि आपली पहिली चूक ठरलेली असते: आपण लगेच ‘टाकून द्यायला’ बसतो. जे गेलं असं समोरचा म्हणतोय ते खरंच गेलंय का, हे बघतच नाही. माझा अनुभव असा, की दहातल्या बऱ्याच वेळा ते त्याच लॅपटॉपमध्ये, दोन क्लिकांवर बसलेलं असतं. म्हणून तंत्राच्या आधी चौकशी.

मी तीन गोष्टी विचारते. शेवटचं कधी उघडलं होतं? त्यानंतर लॅपटॉपचं काय काय झालं? आणि आत्ता स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नेहमी एकच येतं, “मी काही केलं नाही.” त्यावर वाद घालू नका, चहा होईपर्यंत थांबा. मावशीला दहा मिनिटांनी आठवलं, “हां, दिवाळीनंतर फार मंद चालत होता, म्हणून बाजारात दाखवायला दिला होता. त्याने आतली डबी बदलली. आता पळतो मात्र छान.” डबी म्हणजे हार्ड डिस्क. एवढ्या एका वाक्यात निम्मं निदान झालं.

तिसऱ्या प्रश्नासाठी व्हिडिओ कॉल लावा आणि फोनचा कॅमेरा स्क्रीनकडे वळवायला सांगा. तोंडी वर्णनावर जाऊ नका. “एक चौकोन आलाय आणि त्यात काहीतरी इंग्रजी आहे” यावरून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. चौकोनातली ओळ शब्द न् शब्द वाचली, की रस्ता सापडतो.

आता ‘गेलं’ या शब्दाची फोड. लॅपटॉपवर काही गेलं असं माणूस म्हणतो, तेव्हा आयकॉन गेलेला असू शकतो, प्रोग्रॅम गेलेला असू शकतो किंवा फाइल गेलेली असू शकते. बोलताना तिन्हींना आपण ‘वर्ड गेलं’ असंच म्हणतो, आणि तिन्हींवरचे उपाय मात्र वेगळे.

डेस्कटॉपवरचा आयकॉन, ज्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटासा बाण असतो, तो म्हणजे दारावरची पाटी. पाटी कुणी काढून नेली म्हणून घर पडत नाही. आयकॉन चुकून ओढून रिसायकल बिनमध्ये टाकणं हा नातवंडांचा आवडता पराक्रम, आणि त्याने प्रोग्रॅमला काहीही होत नाही. तेव्हा आधी कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबायला सांगा आणि कुठेही क्लिक न करता प्रोग्रॅमच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप करायला सांगा. विंडोज ७ वर स्टार्ट मेन्यूतल्या शोधचौकटीत नाव उमटतं, विंडोज ८ वर ती मोठी चौकोनांची स्क्रीन येऊन शोध सुरू होतो, विंडोज १० वर खालून पट्टी उघडते. कळ तीच, वागणंही जवळपास तेच. नाव सापडलं की त्यावर उजवी क्लिक करून टास्कबारवर पिन करा, नाहीतर ‘ओपन फाइल लोकेशन’ करून तिथून ‘सेंड टू’ मधून डेस्कटॉपवर पाटी पुन्हा लावा. काम संपलं.

डेस्कटॉपवरचे सगळेच आयकॉन एकदम नाहीसे झाले असतील तर घाबरण्याचं कारण त्याहून कमी. रिकाम्या जागी उजवी क्लिक, ‘व्ह्यू’, आणि त्यात ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ समोरची बरोबरची खूण गेली आहे का ते पाहा. विंडोज १० वर टॅबलेट मोड चुकून चालू झाला तरी डेस्कटॉप असाच गायब होतो.

एक गंमत इथेच सांगते. प्रोग्रॅम उघडतो, खाली टास्कबारवर दिसतो, पण खिडकी काही दिसत नाही, असं कधी झालं तर आधी प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडला होता का ते विचारा. खिडकी त्या दुसऱ्या पडद्यावर राहिलेली असते आणि पडदा आता जागेवर नसतो. टास्कबारवरच्या चिन्हावर शिफ्ट दाबून उजवी क्लिक करा, ‘मूव्ह’ निवडा, कीबोर्डवरचा कुठलाही बाण एकदा दाबा आणि मग माऊस हलवा. खिडकी कर्सरला चिकटून परत येते. सोसायटीच्या सेक्रेटरींचा ‘हरवलेला’ टॅली मी असाच परत आणून दिला होता, आणि त्यांनी महिनाभर मला हॅकर समजून मान दिला.

शोधून नाव सापडत नसेल तर नावच चुकीचं आहे का, हे तपासा. लोक प्रोग्रॅमला स्वतःच्या नावाने हाक मारतात. कुणाला सगळं इंटरनेट म्हणजे ‘गूगल’, कुणाला फोटो बघणं म्हणजे ‘गॅलरी’. मावशी म्हणत होती ‘सुरेख’. त्या नावाने शोध घेतला तर शून्य, कारण सुरेख हे सॉफ्टवेअर नव्हतंच. तो फॉन्ट. त्याचं पूर्ण नाव डीव्हीबी-टीटी सुरेख, पुण्याच्या सी-डॅकने आणलेल्या फॉन्टांपैकी एक. वर्षानुवर्षं वर्डच्या चौकटीत तेच नाव पाहून तिने त्यालाच सॉफ्टवेअर मानलं होतं. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. रोज डोळ्यासमोर जे नाव दिसतं तेच माणूस घेणार.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ म्हणून यादी असते. लॅपटॉपवर रीतसर बसवलेलं बहुतेक सगळं तिथे नावानिशी आणि तारखेनिशी दिसतं. ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या रकान्यावर क्लिक केलं की यादी तारखेप्रमाणे लागते. मावशीच्या लॅपटॉपवर सगळ्या तारखा नोव्हेंबरातल्या एकाच आठवड्यातल्या निघाल्या. म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या पोटात विंडोज कोरं करकरीत होतं. दुकानदाराने नवी एसएसडी घातली, विंडोज १० टाकलं, वर्ड टाकलं, ब्राउझर टाकला आणि जुन्या डिस्कवरचा सगळा ऐवज डी ड्राइव्हवर ‘ओल्ड डेटा’ नावाच्या फोल्डरात ओतला. त्याच्या बाजूने काम चोख होतं. फक्त तू मराठी कशात लिहितेस, हे त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

“मग त्या ओल्ड डेटात असेल ना माझं सॉफ्टवेअर?” मावशीने विचारलं. होतंही. प्रोग्रॅम फाइल्समधलं आख्खं फोल्डर तसंच्या तसं तिथे पडलेलं होतं. पण त्यातली एक्सई फाइल दोनदा क्लिक केली तर एररचा चौकोन.

हे का होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे फार लोक फसतात. प्रोग्रॅम बसवताना तो फक्त आपल्या फोल्डरात राहत नाही. काही फाइली विंडोजच्या फोल्डरात ठेवतो, रजिस्ट्री नावाच्या वहीत आपल्या नोंदी करतो, लागत असेल तर ड्रायव्हर बसवतो. फोल्डर उचलून नव्या विंडोजवर आणणं म्हणजे झाड वरून कापून दुसरीकडे रोवणं. काही अगदी साधे प्रोग्रॅम तसे चालतातही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. फाइली, म्हणजे पत्रं, फोटो, हिशेब, कॉपी करून येतात. प्रोग्रॅम पुन्हा बसवावाच लागतो.

आणि पुन्हा बसवतानाही जुन्या सॉफ्टवेअरची एक अडचण आहे. विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, ते आधी पाहा: विंडोज १० वर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, विंडोज ७ वर ‘कॉम्प्युटर’ वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, ते ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६’ या वेगळ्या फोल्डरात जाऊन बसतात. पण विंडोज ९५ च्याही आधीच्या जमान्यातले १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर अजिबात चालत नाहीत, आणि ३२ बिटचे ड्रायव्हरही नाहीत. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरांपैकी काही डोंगलवर चालायची, म्हणजे पेनड्राइव्हसारखं कुलूप मागे लावल्याशिवाय उघडायची नाहीत. त्या कुलपाचा ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल, तर सीडी शाबूत असूनही उपयोग नाही. म्हणून दुरुस्तीला देतानाच विचारून ठेवा: जुनं विंडोज कुठल्या बिटचं होतं आणि नवं कुठलं घालणार?

मावशीचं डोंगल शिवणाच्या डब्यात, बॉबिनांखाली सापडलं. सीडी मात्र नव्हती. ती खालच्या कपाटात होती आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीने कपाटासकट नेली. लॅपटॉप माडीवर होता म्हणून वाचला.

इथवर आल्यावर मी तिला विचारलं, “मावशी, तुला सॉफ्टवेअर हवंय की इतिवृत्त हवंय?” हा प्रश्न मी पहिल्या मिनिटालाच विचारायला हवा होता. माणसाला प्रोग्रॅमशी क्वचितच देणंघेणं असतं. त्याला त्यातलं आपलं काम हवं असतं.

इतिवृत्ताच्या वर्ड फाइली ‘ओल्ड डेटा’ मध्ये सगळ्या होत्या. उघडल्यावर मात्र पानभर टिंबं-टोप्या चढवलेली परकी अक्षरं. “हे बघ, सगळं बिघडलंय,” ती म्हणाली. काही बिघडलं नव्हतं. युनिकोड रुळण्याच्या आधीच्या मराठी फॉन्टांत ‘क’ हा क म्हणून साठवलाच जात नसे. आत रोमन लिपीतली चिन्हं असत आणि त्यांच्यावर फॉन्ट मराठी अक्षराचं चित्र चढवी. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो, खालचं जे आहे ते दिसतं. सी-डॅकचे फॉन्ट काय किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतले काय, गेल्या पिढीतल्या हजारो मराठी घरांतले दस्तऐवज, लग्नपत्रिका, संस्थांच्या घटना या मुखवट्याखाली आहेत. अशी फाइल दिसली तर ती खराब झाली म्हणून डिलीट करू नका. गिचमिडीच्या मध्ये कर्सर ठेवा आणि वर्डमधल्या फॉन्टच्या चौकटीत पाहा. तो फॉन्ट लॅपटॉपवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. आमच्या शोधात ‘सुरेख’ चा खरा पत्ता तिथेच लागला.

मग उपाय सोपा. जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं. दुकानदाराने कॉपी केलेल्या ऐवजात ते होतं. त्यातली सुरेखची फाइल शोधली, उजवी क्लिक, ‘इन्स्टॉल’. वर्ड बंद करून पुन्हा उघडलं आणि मावशीच्या बाजूने फोनवर नुसताच श्वास ऐकू आला. मग म्हणाली, “२०१४ च्या सभेला उपस्थिती एकोणीस. अगं, यातल्या चार जणी आता नाहीत.” आम्ही पाचेक मिनिटं कॉम्प्युटरविषयी काही बोललो नाही.

तुमच्या बाबतीत दुकानदाराने फक्त माय डॉक्युमेंट्स कॉपी केलं असेल, तर जुनी डिस्क परत मागा. ती तुमची आहे. यूएसबीचं केसिंग बाजारात काही शे रुपयांत मिळतं, त्यात घातली की तीच डिस्क पेनड्राइव्हसारखी जोडता येते. डिस्क बदलायला देताना ‘जुनी परत हवी’ हे आधीच बोलून ठेवावं, नंतर ती भंगारात गेलेली असते.

नवीन लिहिण्यासाठी तिला जुनं सॉफ्टवेअर शोधत बसण्याची गरजच नव्हती. विंडोजमध्ये मराठी आतच असते: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, आणि तिथे मराठी जोडायची. नेहमीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतोच. विंडोज १० ची मे २०१९ ची किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर मराठीच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्डही मिळतो, उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून टाइप करायचा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. हे युनिकोड असल्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी मराठीच राहतं. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण बदलल्यावर रफार, पाऊण य आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांखालून घाला. मूळ फाइल आणि तो फॉन्ट दोन्ही जपून ठेवाच.

मावशीचं प्रकरण डिस्कचं निघालं. तुमचं वेगळं असू शकतं, म्हणून आणखी काही ठिकाणं झटपट सांगते. अँटिव्हायरसने प्रोग्रॅमवर संशय घेऊन त्याला अटकेत टाकलं असेल. विंडोज १० मध्ये विंडोज सिक्युरिटीच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ त आणि इतर अँटिव्हायरसांत ‘क्वारंटाइन’ मध्ये त्याचं नाव दिसतं. फाइल खात्रीची असेल तरच सोडवा. काही प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये न बसता प्रत्येक वापरकर्त्याच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात बसतात, म्हणून मुलाच्या लॉगिनमध्ये दिसणारा झूम वडिलांच्या लॉगिनमध्ये दिसेलच असं नाही. लॅपटॉप सुरू होताना ‘टेम्पररी प्रोफाइल’ असे शब्द आले आणि सगळंच नवखं दिसलं, तर त्या सत्रात काहीही सेव्ह करू नका. लॅपटॉप रीस्टार्ट करा, आणि तरीही तेच आलं तर जाणत्याला दाखवा. कुणी ‘कीप माय फाइल्स’ निवडून ‘रिसेट धिस पीसी’ केलं असेल तर फाइली राहतात, प्रोग्रॅम जातात, पण डेस्कटॉपवर ‘रिमूव्ह्ड ॲप्स’ नावाची एक यादी ठेवलेली असते. लोक तिला कचरा समजून उडवतात. सिस्टिम रिस्टोअरचा सल्ला सरसकट देऊ नका: विंडोज १० च्या अनेक लॅपटॉपवर ते मुळात बंदच असतं, आणि चालू असलं तरी त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम त्यात जातात.

काही गोष्टी हरवलेल्या नसतात, वारलेल्या असतात. निळा ‘ई’ शोधणाऱ्या काकांना सांगायला हवं, की विंडोज १० वरून इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो कायमचा बंद करून एजकडे वळवण्यात आला. गूगलने पिकासाला २०१६ मध्ये निरोप दिला, फ्लॅश २०२० अखेर संपलं, स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. यांच्या मागे लागून कुठल्याशा साइटवरून ‘जुनं व्हर्जन फ्री’ उतरवणं म्हणजे घरात चोराला चावी देणं. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा आधार उरलेला नाही, हेही ध्यानात ठेवा. अशा लॅपटॉपवर इतिवृत्त लिहा, पत्ते खेळा. बँकेचं काम तिथे करू नका.

प्रोग्रॅम खरोखर नव्याने बसवायचाच असेल, तर तो बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून. शोधात सगळ्यात वर येणारी ओळ पुष्कळदा जाहिरात असते. आणि ‘कस्टमर केअर’ चा नंबर गूगलवर शोधून फोन करायला तर वडीलधाऱ्यांना निक्षून मना करा. पलीकडचा गोड बोलणारा मुलगा स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि हरवलेला प्रोग्रॅम शोधता शोधता खातं रिकामं करतो. असं घडलंच तर एक मिनिट न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. दुरून लॅपटॉप बघायचाच असेल तर ओळखीच्या माणसानेच, आणि मदत घेणारा समोर बसलेला असताना.

मावशीकडून शेवटी मी एक काम करून घेतलं. जुन्या वहीचं पान फाडून तिने तिच्या सुबक अक्षरात लिहिलं: लॅपटॉपवर काय काय आहे, त्याचं खरं नाव, सीरियल नंबर कुठल्या डब्यात, डोंगल कुठे, डिस्क कधी बदलली. ते पान लॅपटॉपच्या बॅगेत बाहेरच्या कप्प्यात ठेवलं. ‘सुरेख’ पुढे कंसात लिहिलं: हा फॉन्ट आहे.

परवा पुन्हा तिचा फोन. “अगं, झूम दिसत नाही गं.”

“मावशी, विंडोजची कळ दाब आणि—”

“दाबली. थांब. झेड, ओ... आलं. ठेव फोन, सभा सुरू झाली.”